दांडीवरचं ओझं

वजन बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला त्याला तेवढंच विचारायचं असतं. पोलीस इन्स्पेक्टरानं तेच विचारलं, ठेकेदारानं तेच विचारलं, आणि आमच्या आळीतल्या ज्या शहाण्यांना बैलगाडी कुठल्या तोंडानं जोडतात ते ठाऊक नाही त्यांनीही तेच विचारलं. वखारीच्या काट्यावर गाडी तोलून घेतली होती मी. सगळं सामान आणि पाणी भरून एक टनाला थोडी कमीच भरली. काट्यावाल्याचा कागद आहे माझ्याजवळ.

मी आप्पाजी. म्हैसूर रोडला माझा गाड्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, एक भाता आणि तीन सुतार. आमच्या चार पिढ्यांनी बेंगळुरात बैलगाड्याच केल्या. बोलायला मी कडक आहे, तोंडावर बोलतो. माझी बायको सोयराबाई म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी देवापुढं नारळ फोडावा लागतो. असेल. पण माझ्या गाडीच्या बैलाचा खांदा कधी सुजला नाही. सिटी मार्केटातल्या कुठल्याही गाडीवानाला जाऊन विचारा.

त्यात सगळं कसब आस, म्हणजे चाकांमधला कणा, कुठं बसवायचा यात असतं. आस जरा मागं गेला की सगळं ओझं जुवावर येतं, आणि ते मुकं जनावर दिवसभर मान खाली घालून मरतं. म्हणून आमच्या घरात आस नेहमी बोटभर पुढं. म्हणजे माल स्वल्प मागं झुकतो, दांडी हलकी राहते, जू खांद्यावर नुसतं टेकतं. माझा बाप नवी गाडी भरून उभी करायचा आणि एका बोटानं दांडी उचलून दाखवायचा. मीही तेच करायचो. एका बोटानं उचलली गेली नाही तर गाडी शेडबाहेर जायची नाही, गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंबललं तरी.

मला एकच मुलगी, प्रेमा. जावई त्रिविक्रम, घरंदाज, आमच्यातलाच, शिकलेला. विहिरी पाडणाऱ्या एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होता. हिरियूर, चळ्ळकेरे, सगळा कोरडा मुलूख. आज या गावच्या माळावर तंबू, महिन्याभरानं दुसऱ्या. प्रेमा त्याच्याबरोबर तंबूत राहायची. तिथंच तिची पोरगी गेली. अकरा महिन्यांची होती. तिथल्या डबक्याचं पाणी पोटात गेलं, हगवण लागली, तीन दिवसांत आटोपलं सगळं. आम्हाला कळलं तेव्हा पुरूनसुद्धा झालं होतं.

त्यानंतर त्रिविक्रमनं तिला आमच्याकडं आणून सोडलं. मीच म्हणालो, आता माझी पोर तंबूत राहणार नाही. तो बिचारा काय बोलणार? मान हलवली आणि गेला. दोन अडीच महिन्यांनी एकदा यायचा, दोन दिवस राहायचा, जायचा. अशी दोन वर्षं गेली. प्रेमा घरातलं सगळं काम करायची, हसायचीसुद्धा, पण ताटात वाढलेला भात अर्धा तसाच राहायचा. सोयरा मला म्हणाली, "पोरगी झुरतेय हो. तिला नवरा पाहिजे, आईबाप नकोत आता." मी तिच्यावर खेकसलो. पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

एकसष्ट सालची गोष्ट. कँटोन्मेंटात एका गोऱ्या साहेबाकडं मी एकदा चाकावरचं घर पाहिलं होतं. मोटारीच्या मागं अडकवायचं आणि जिथं जाईल तिथं न्यायचं. आत पलंग, कपाट, खिडकीला पडदे. मनात आलं, गाड्या करण्यात जन्म गेला, हे आपल्याला येणार नाही? त्रिविक्रमला ठेकेदारानं एक पिकअप दिला होता, जीपच्याच घरातला पण तिच्यापेक्षा थोराड, मागं उघडा हौदा असलेला. ठेकेदार म्हणाला, स्वतःच्या खर्चानं करा, माझी ना नाही. सरी, बरं म्हटलं, लागलो कामाला.

पहिल्यांदा मी केली ती सगळी सागवानी. तळ सागवानी, भिंती सागवानी, आत लोखंडी चूल. शेजारचा हयवदन ती बघायला आला. तो बस डेपोत फिटर. तिशीचा पोरगा, पण इंजिनातलं त्याला कळायचं. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "आप्पाजी, ही दीड टनाच्या वर जाईल."

"मग? पिकअपच्या पुस्तकात दीड टन ओढतो म्हणून लिहिलंय. जावयानं वाचून दाखवलंय मला."

"ओढेल की. नवं इंजिन, सपाट डांबर, गाडीत एकटा ड्रायव्हर, तर ओढेल. चित्रदुर्गाच्या बाजूला चढ आहेत, माती आहे, हौद्यात त्यांचं सामान असणार. इंजिन तापेल, आणि उतारावर ब्रेक कुणाला आवरणार? ब्रेक पिकअपला आहेत, तुमच्या घराला नाहीत. आरामात न्यायचं तर भरून एक टन. त्याच्या वर एक तांब्यासुद्धा नको."

राग आला मला. पण लेकीचा प्रश्न होता, म्हणून गिळला. सगळ्या भिंती उतरवल्या. सागवानाच्या जागी प्लायवूड घातलं, छपराला ॲल्युमिनियमचा पत्रा आणला, लोखंडी चूल फेकून तिथं स्टोव्ह ठेवला. कपाटाची दारं काढून पडदे लावले. प्रेमा रोज शेडवर यायची. पडदे तिनं शिवले, निळ्या फुलांचे. दोन वर्षांनी ती माझ्याशी भांडली, खिडकी केवढी असावी यावरून, आणि मी तिला जिंकू दिलं. सहा महिने लागले. वखारीच्या काट्यावर नेली तेव्हा मी काट्यावाल्याच्या खांद्यावरून आकडा बघत होतो. एक टनाला कमी भरली तशी मी काट्यावाल्याला पेढे दिले.

एकाच गोष्टीत मी तडजोड केली नाही. पाणी. नातीला पाण्यानं नेलं होतं. म्हणून चाळीस गॅलनचं पिंप, झाकण घट्ट, तोटी बाहेर, असं पक्कं करून बसवलं, बोल्ट मारून. कुठं? मागच्या भिंतीला. पलंगही मागं. तांदळाचा डबा, पाटा-वरवंटा, सगळं मागं. पुढं नुसती बसायची जागा. आस आमच्या घरच्या रीतीनं बोटभर नाही, चांगला वीतभर पुढं घेतला, कारण मोटारीचं हूक ते केवढंसं, त्याच्यावर ओझं नको.

हयवदन परत आला तेव्हा मी भरल्या गाडीची दांडी एका बोटानं उचलून दाखवली. तो हसला नाही.

"आप्पाजी, हे चालणार नाही. दांडीवर ओझं पाहिजे. दहातला एक हिस्सा हुकावर बसला पाहिजे. हे सगळं पुढं घ्या."

"काय म्हणालास?"

"पिंप पुढं घ्या, आस मागं."

"जनावराच्या मानेवर ओझं टाकू?"

"जनावर नाही हो ते, पिकअप आहे."

"ओढणारं ते ओढणारं," मी म्हणालो. "तू डेपोत नटबोल्ट आवळ. चार पिढ्यांचं काम आहे माझं. तुझ्या बापानं कधी गाडी केली होती? चल, निघ."

तीन सुतारांसमोर बोललो. त्याचा चेहरा एवढासा झाला. तो गेला. दोन दिवसांनी वाटेत भेटला तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं, पुढं घेतलंत ना? मी म्हणालो, घेतलं. खोटं बोललो. कटकट नको म्हणून बोललो, दुसरं काही नाही.

त्रिविक्रम आला. पिकअपला घर जोडलं. बल्लारी रोडनं हेब्बाळच्या तळ्यापर्यंत त्यानं एकट्यानं नेऊन आणलं. मी शेडच्या दारात उभा. आला, उतरला, घाम पुसत होता. "काय रे, कशी चालते?" म्हटलं. "चांगली चालते मामा," म्हणाला. "इंजिनाला त्रास?" "काही नाही." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. पहिल्यांदाच मारली असेल.

सोमवारी सकाळी दहाला निघाले दोघं. सोयरानं पिंप काठोकाठ भरलं, तुरटी फिरवून. प्रेमानं नवं लुगडं नेसलं होतं. मी आणि सोयरा हौद्यात बसून पीण्यापर्यंत गेलो त्यांना पोचवायला. तेव्हा पीण्या म्हणजे एक खेडं आणि नाचणीची शेतं. तिथं उतरलो. प्रेमा माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "अण्णा, महिन्याभरानं तुम्ही या, माझ्या घरी या." माझ्या घरी म्हणाली. मी तोंड फिरवलं, कारण रस्त्यात उभं राहून रडायची आमच्यात पद्धत नाही.

दुपारी तीनला एका लॉरीवाल्यानं शेडवर निरोप आणला. तुमकूरच्या अलीकडं आठ मैलांवर एक लांब उतार आहे, तिथं गाडी उलटली होती. मी त्याच लॉरीतून गेलो. पिकअप खाली शेतात चारी चाकं वर करून पडला होता. घर हुकावरून तुटून रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला आडवं. तांदूळ सगळीकडं सांडला होता आणि चार बायका तो पदरात भरून घेत होत्या. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. नंतर कोणीतरी मला धरून तुमकूरच्या इस्पितळात नेलं. प्रेमाला तिथं व्हरांड्यात ठेवलं होतं, चादर घालून. ती जागेवरच गेली होती. त्रिविक्रमचा पाय मांडीपासून मोडला होता. मला बघून त्यानं डोळे मिटून घेतले.

मागून एक बस सारखा हॉर्न देत होती. उतारावर काटा पस्तिसावर गेला आणि मागचं घर एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं असं हेलकावे खायला लागलं. त्रिविक्रमनं ब्रेक दाबला तसं घरानं पिकअपला ढुंगणाकडून उचलून फिरवलं. असं त्यानं पोलिसाला सांगितलं. पोलिसानं लिहून घेतलं, भरधाव आणि निष्काळजीपणे. गाडीचं वजन विचारलं, मी कागद दाखवला, तो म्हणाला, मग गाडीचा दोष नाही. त्रिविक्रमवर खटला झाला. दंड झाला, लायसन गेलं. ठेकेदारानं नोकरीवरून काढलं.

आणि लोकांनी त्याला फाडून खाल्लं. तेराव्याला जेवायला बसलेली माणसं बोलत होती, दोन वर्षांनी बायको मिळाली, हातात गाडी मिळाली, पळवली. सोयरानं त्याला दारात पाऊल टाकू दिलं नाही. कुबड्या घेऊन आला होता तो, पायरीखाली उभा होता. ती आतून ओरडली, "माझी लेक खाल्लीस, आता काय न्यायला आलास?" मी ओसरीत बसलो होतो. मी ऐकलं. आणि गप्प बसलो.

हयवदनही आला होता तेराव्याला. जाताना हळूच म्हणाला, "आप्पाजी, दांडीवर किती ठेवलं होतं?" "तू सांगितलंस तेवढं," मी म्हणालो. तो चपला घालून गेला.

तेव्हा मला माहीत नव्हतं, देवाशपथ. म्हणजे काय माहीत नव्हतं? शंका होती. पण चार पिढ्यांची रीत चुकीची कशी असेल असं मीच माझ्या मनाला दरडावून सांगत होतो. चार महिने गेले. झोप नाही. एका सकाळी शेडमध्ये एक छोटी गाडी केली, फळीची, दोन लहान चाकांची, नीट दांडी लावून. सायकलला मागं बांधली. त्यात आठ विटा, सगळ्या आसाच्या मागं. एका बोटानं दांडी उचलली जात होती. उताराच्या रस्त्यावर नेली आणि पायडल सोडलं. हळू होतो तोवर निमूट मागं येत होती. वेग आला तसं तिनं शेपूट हलवायला सुरुवात केली. दोनदा, तीनदा, आणि सायकलसकट मला आडवं केलं. साठीचा म्हातारा, गुडघे फुटले, दोन पोरी कडेला उभ्या राहून हसत होत्या. उठलो. विटा त्याच, आठच, पण या वेळी पुढं रचल्या. दांडी जड झाली. पुन्हा उतारावरून सोडली, पहिल्यापेक्षा जोरात. सुतासारखी सरळ आली मागून. पुन्हा मागं रचल्या, पुन्हा पडलो. चार वेळा केलं मी ते, कारण मला ते खोटं ठरायला पाहिजे होतं.

बैल तासाला दोन मैल चालतो. दोन मैलांवर शेपूट हलत नाही. एवढंच होतं ते. चार पिढ्यांत आमच्या गाडीला कोणी तासाला पस्तीस मैलांनी पळवलंच नव्हतं.

मी तिथंच कट्ट्यावर बसून राहिलो. मुडद्या, मी स्वतःलाच म्हटलं, सांगत होता तो पोरगा. भर शेडमध्ये सांगत होता. बैलाची दया आली तुला.

संध्याकाळी त्रिविक्रमकडं गेलो. तो बसवनगुडीत थोरल्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायचा. पाय वाकडा जुळला होता. एका वकिलाच्या कचेरीत नकला करायचं काम मिळालं होतं त्याला. मला बघून उठायला लागला. मी म्हणालो, बस. मी उभाच राहिलो. आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही, त्यामुळं कशी मागतात तेही येत नव्हतं. सरळ सांगून टाकलं.

"चूक तुझी नाही. माझी आहे. ओझं मी मागं टाकलं. वजन बरोबर होतं पण जागा चुकली. हयवदननं मला सांगितलं होतं, मी त्याला हाकलून दिलं आणि वर खोटं बोललो. उद्या मी पोलिसाकडं जातो, तुझ्या ठेकेदाराकडं जातो, आळीत घरोघर जाऊन सांगतो. सोयराला आधी सांगतो. तू वेगात नव्हतास."

मला वाटलं तो रडेल, नाहीतर हातातली कुबडी माझ्या डोक्यात घालेल. घातली असती तर मी डोकं पुढं केलं असतं. तो टेबलावरचे कागद सारखे करत होता.

"मला माहीत होतं, मामा," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"हेब्बाळला नेली तेव्हाच कळलं. परत येताना तीसवर डोलायला लागली, मी कशीबशी आवरली. संध्याकाळी हयवदनला विचारलं. त्यानं सांगितलं, म्हणजे आप्पाजींनी काही हलवलेलंच नाही, सगळं ओझं मागंच आहे, निदान पिंप तरी रिकामं ठेवा."

मी त्याच्या खाटेवर बसलो.

"मी तुम्हाला सांगायला निघालो होतो. प्रेमानं हात धरला. म्हणाली, अण्णा सहा महिने जेवण सोडून ती गाडी करताहेत. आत्ता सांगितलं तर सगळी मोडून टाकतील, घरात आठ दिवस कुणाला बोलू देणार नाहीत, आणि मी पुन्हा इथंच राहीन. तुम्ही हळू चालवा. पीण्याला ते उतरले की तुमकूरपर्यंत पंचवीसच्या वर जायचं नाही. तुमकूरला जेवायला थांबू तिथं मी स्वतः तोटी सोडते, सामान पुढं घेऊ, अण्णांना कळायचंसुद्धा नाही." त्यानं कुबडी भिंतीला टेकवली. "आठ मैल राहिले होते. बस मागं लागली म्हणून जरा वेग घेतला."

खोलीत बाकी काही नव्हतं, एक खुर्ची, टेबल, खाट. बाहेर त्याची भावजय कुणाला तरी कानडीत कॉफी घेऊन जा म्हणत होती. म्हणजे माझ्या लेकीला माहीत होतं. हुकावर काय चाललंय ते जाणून ती पुढच्या सीटवर बसली होती. पीण्याला माझ्या पाया पडली तेव्हा तिला माहीत होतं.

माझा आवाज चढला. या वयात, त्या खोलीत, तरी चढलाच. "अरे पण मला सांगायचं ना! एक शब्द! कोणीतरी मला सांगायचं होतं!"

त्रिविक्रमनं मान वर केली. त्याला राग आलेला नव्हता.

"तुम्हाला कोण सांगणार, मामा?" तो म्हणाला.